एकशे चव्वेचाळीस

मोईननं दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावले.
डावीकडं साठ हर्ट्झ, उजवीकडं एकशे चव्वेचाळीस.
माउसनं एक खिडकी धरली
आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फरफटत नेली.
"दिसला का फरक?"
म्हणलं, हाव, दिसला की.

खरं तर मामा चौकातलं ऊन
दुकानात इतकं आत आलं होतं
की दोन्हीकडं मला माझंच तोंड दिसत होतं.

पण नऊ महिने मी दुसरं काही वाचलं नव्हतं.
वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसून,
ट्रक चढला की आकडा थरथरतो,
तो थांबेपर्यंत मोबाईलवर एक ओळ,
पावती फाडली की दुसरी.
आयपीएस म्हणजे रंग, व्हीए म्हणजे काळोख,
आणि काळोखात पळणाऱ्याच्या मागं रेंगाळणारी सावली.
एक मिलिसेकंद कुणाचा खरा, कुणाचा नुसता खोक्यावरचा.
सत्तावीस इंच घ्यावा तर टेबल संपतं,
चोवीस घ्यावा तर सेलूचा अझहर हसतो.
अझहर मला रोज रात्री मारतो.
भिंतीआडून निघतो, मला दिसतो
तेव्हा मी मेलेलो असतो.

दोनशे चाळीसवाला वरच्या फळीवर होता.
त्याच्याकडं मी
रान नसलेला माणूस
बियाण्याच्या पाकिटावरच्या बोंडाकडं बघतो
तसं बघितलं.

चौदा हजार दोनशे.
दोनशे मोईननं सोडले,
केबल ड्रॉवरमधून काढून दिली.
खोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसलो
तर रिक्षावाला म्हणला, टीव्ही का?
मी नाही म्हणलो नाही.

अठरा दिवस मी सांगत सुटलो,
लोणी आहे लोणी, डोळ्याला लागतच नाही.
अझहर मारत होताच,
पण आता मी नेटला शिव्या देत होतो.

एकोणिसाव्या रात्री अण्णा पाणी प्यायला उठले.
लिंबाजी खरात, रोलिंग मिल, जुनी एमआयडीसी,
सव्वीस वर्षं चिमट्यावर.
एका स्टँडमधून लाल सळई सापासारखी सुटायची,
तिचं तोंड हवेत धरायचं, वळवायचं,
पुढच्या स्टँडला द्यायचं.
एकदाच हुकलं.
पोटरीवर त्याची खूण आहे, वीतभर,
तिच्यावर केस येत नाहीत.

तांब्या हातात धरून माझ्या मागं उभे राहिले.
"तुटायलंय ते."
काय?
"ते पळणारं. अख्खं नाही यायलं,
तुकड्या-तुकड्यानं यायलंय."
मी खुर्ची वळवून त्यांना समजावलं,
अण्णा, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं आहेत ही.
"मोजलीस का?"

मोजायला म्हणून नाही,
त्यांना दाखवायला म्हणून सेटिंग उघडलं.
डिस्प्ले. त्याच्या आत ॲडव्हान्स्ड. त्याच्या आत एक छोटी पट्टी.
साठ.

अठरा दिवस साठ.
मोईननं सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.
खोक्यावर लिहिलेलं होतं
आणि मी खोकं बघत होतो.

पट्टी खाली ओढली, एकशे चव्वेचाळीस निवडलं.
पडदा क्षणभर काळा झाला.
त्या काळ्यात आम्ही दोघं दिसलो,
एक बसलेला, एक तांब्या घेतलेला.

मग चित्र आलं.
मी माउस गरकन फिरवला, अख्खी गल्ली फिरली.
अण्णा वाकले.
त्यांचा उजवा हात कमरेजवळ थोडा उघडला,
अंगठा आणि बोटं,
आणि मिटला.
"हां. आता धरता येईल."

किंमत विचारली. मी नऊ हजार म्हणलो.
ते काही बोलले नाहीत,
तांब्या झाकला, दारापर्यंत गेले,
तिथून वर बघून म्हणले,
"ती ट्यूबलाईट पण बदल कधीतरी.
ती पण तुटायलीय."

मी मान वर करून बराच वेळ बघत राहिलो.
मला ती नुसती चालू दिसत होती.